गुलाबी टबाचं काय करायचं?

न्यू जर्सीतल्या एडिसन, इसेलिन, पार्सिपनी या भागात महायुद्धानंतरच्या काळात बांधलेलं घर घेतलं, की घराबरोबर एक टबही पदरात पडतो. पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, तीन बाजूंनी भिंतीत चिणलेला. रंग पांढरा असला तर नशीब. घर १९५०च्या दशकातलं असेल तर टब गुलाबी निघण्याची शक्यता बरीच. सत्तरच्या दशकात कुणी हौसेने बाथरूम नवी केली असेल तर ॲव्होकाडोसारखा हिरवा. आमचा गुलाबी होता. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांना हा रंग फार प्रिय होता आणि त्यांच्या काळात अमेरिकेतल्या बाथरूममध्ये गुलाबीची लाट आली, हे मला पुष्कळ नंतर कळलं. घर बघायला आलेल्या आत्येबहिणीने मात्र पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, "हे आधी काढून टाका."

काढून टाकायचा की वरून नवा लेप देऊन घ्यायचा, यावर आमच्याकडे दोन वर्षं चर्चा चालली. समोर दोन कोटेशनं होती. लेपाचे साडेसहाशे डॉलर, टब बदलायचे पाच हजार आठशे. एवढा फरक दिसला की आपला विचार तिथेच थांबतो आणि आपण स्वस्त पर्यायाच्या बाजूने कारणं गोळा करायला लागतो. मी तेच केलं आणि फसले. त्या फसण्यातून, आणि नंतर ओळखीपाळखीतल्या ज्या बाथरूम उचकटताना बघितल्या त्यातून, जे कळलं ते लिहिते आहे. टबाचा चेहरा बघून काही ठरवू नका. निर्णय होतो तो त्याच्या खाली काय आहे त्यावरून, आणि पाय उचलून आत जाणारं माणूस कोण आहे त्यावरून.

त्याही आधी एक गोष्ट तपासा: टब खरंच खराब झालाय, की नुसता मळलाय? नळाखालचा तांबूस ओघळ म्हणजे दर वेळी टबाचा गंज नव्हे. गळक्या नळाचे लोहयुक्त थेंब वर्षानुवर्षं एकाच जागी पडले की तसा डाग धरतो. त्यावर ब्लीच ओतणं ही सगळ्यांची पहिली चूक. ब्लीचने लोहाचा डाग जात नाही, उलट पक्का होतो. ऑक्झॅलिक ॲसिड असलेली पावडर घ्या, बार कीपर्स फ्रेंड कुठल्याही किराणा दुकानात मिळते. ओल्या स्पंजवर घेऊन हलक्या हाताने चोळा, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवा. त्याच दिवशी तिथे ब्लीच वापरायचं नाही, कारण ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर असेल तर पातळ व्हिनेगर चालतं, पण तेही रात्रभर भिजत ठेवू नका. जुन्या इनॅमलला आंबट फार वेळ सोसत नाही, चकाकी मरते. एखाद-दुसरा टवका उडाला असेल तर हार्डवेअरच्या दुकानातलं इपॉक्सीचं छोटं पाकीट पुरतं. माझ्या अंदाजाने 'टब बदलायचाय' म्हणणाऱ्यांपैकी निदान काही जणांचं काम इथेच संपेल. घासल्यावरही पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागत असेल आणि आठवड्यात पुन्हा काळवंडत असेल, तर मात्र वरची इनॅमलची काच झिजली आहे असं समजा आणि पुढे वाचा.

मॅग्नेट आणि बुक्की

फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट काढा आणि टबाच्या बाहेरच्या बाजूला लावून बघा. चिकटला नाही तर टब फायबरग्लासचा किंवा ॲक्रिलिकचा. चिकटला तर बीड किंवा पोलादी पत्रा. या दोघांतला फरक आवाजाने कळतो. बोटांच्या पेरांनी ठोका: पत्रा डब्यासारखा वाजतो, बीड दबक्या आवाजात 'ठक्' म्हणून गप्प होतं. बिडाचा पाच फुटी टब तीनशे पौंडांच्या वर, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास भरतो. तेवढ्याच मापाचा पत्र्याचा टब त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका.

बिडाच्या टबाविषयी मला थोडा पक्षपात आहे, तो आधीच कबूल करते. लालभडक तापलेल्या ओतीव बिडावर काचेची भुकटी चाळायची, ती वितळून धातूला धरते, तेच इनॅमल. १८८३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या जॉन मायकेल कोहलर यांनी जनावरांसाठीच्या बिडाच्या हौदाला असं इनॅमल चढवलं आणि तो टब म्हणून विकला. त्यांची कंपनी आपल्या न्हाणीघराच्या धंद्याची सुरुवात तिथूनच मोजते. असा टब तुमच्या वजनाने तसूभरही वाकत नाही, म्हणून त्यावर दिलेला लेपही तडकत नाही. जुना बिडाचा टब, वर फक्त झीज आणि दोन-चार टवके, अशी स्थिती असेल तर लेप देणं शहाणपणाचं. पत्र्याच्या टबात गंज वरवरचा असेल तर विचार करता येतो, पण टोकदार स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर पापुद्रे निघत असतील किंवा आरपार भोक असेल, तर तो गेला.

फायबरग्लासच्या टबात उभं राहून वजन या पायावरून त्या पायावर घ्या. तळ खाली-वर होत असेल तर त्याच्याखालचा आधार सुटला आहे. अशा टबाला तडा गेला, तो बुजवून वर लेप दिला, तरी तडा त्याच रेषेत परत येतो. तिथे पैसे घालू नका.

एक इशारा लहान मुलं असणाऱ्यांसाठी. जुन्या टबांच्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं, आणि काच झिजली की ते पाण्यात उतरू शकतं. रांगत्या वयाचं मूल टबात बसून पाणी तोंडात घेतं. हार्डवेअरच्या दुकानात शिशाची चाचणी करायच्या काड्या मिळतात. खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेकडून तपासून घ्या. शिसं सापडलं तर 'अजून एक वर्ष चालवू' हा पर्याय बाद होतो. आणि कुणी कोरडा पॉलिश पेपर घेऊन टब घासायला बसलं तर त्याला थांबवा. ती धूळ घरभर होते.

खालच्या मजल्याचं छत

आता पाण्याची परीक्षा. तिला एक रविवार द्या. बूच लावून टब ओव्हरफ्लोच्या जरा खालपर्यंत भरा, पातळीवर चिकटपट्टी लावा आणि दोन-तीन तास विसरून जा. पातळी उतरली तर बूच किंवा ड्रेनचा सांधा सैल आहे. नाही उतरली तर पाणी सोडा आणि धावत जाऊन खालच्या खोलीचं छत बघा. आता ओल दिसली तर दोष ड्रेनपुढच्या पाइपात. ते वाळू द्या. मग पाणी ओव्हरफ्लोच्या भोकातून जाईपर्यंत भरा. तिथलं रबर साठ वर्षांत दगड झालेलं असतं. शेवटी शॉवर नुसता भिंतीवर मारा. टाइल्सच्या सांध्यांतून पाणी आत जात असेल तर ते इथे कळेल. एकदम सगळं करू नका, नाहीतर गळती सापडेल पण कुठली ते कळणार नाही.

नुसता ड्रेन किंवा ओव्हरफ्लो गळत असेल तर प्लंबर टब न हलवताही तो दुरुस्त करू शकतो. खरी भीती लाकडाची. इथली घरं लाकडाची असतात, हे आपण पुण्या-मुंबईच्या स्लॅबच्या सवयीने विसरतो. टबाच्या कोपऱ्यापाशी जमिनीवर टाच दाबून बघा. जमीन दबते का? कमोड डुगडुगतो का? टबालगतच्या टाइल्स सुटल्या आहेत का? असल्या तर खालची फळी कुजली आहे आणि टब उचलल्याशिवाय तिथे हात पोचणार नाही. वर कितीही चकचकीत लेप द्या, ते वरून कीर्तन आणि आतून तमाशा.

आमच्या बाबतीत नेमकं हेच होतं आणि मी टाच दाबून बघितली नव्हती.

लेप म्हणजे नक्की काय

आईला फोनवर समजावताना मी म्हणाले, "टबाला कल्हई करून घेतोय." तिला पटलं, पण तुलना चुकीची होती. कल्हईत कथील वितळून भांड्याला धरतं. मूळ इनॅमल तर वितळलेली काचच. इथे धंद्यात 'रिग्लेझिंग' म्हणतात, नावात ग्लेझ आहे, पण भट्टी कुठेच नाही. तो रंग आहे. दोन भाग मिसळून कडक होणारा, इपॉक्सी किंवा ॲक्रिलिक युरेथेन जातीचा, भारी रंग, पण रंगच. आणि रंगाचं आयुष्य खालच्या तयारीवर असतं हे दिवाळीआधी भिंत खरवडलेल्या कुणालाही सांगायला नको.

चांगला कारागीर दिवसाचा मोठा भाग फवारण्यात नाही, तयारीत घालवतो. ड्रेनची कडी आणि ओव्हरफ्लोची चकती काढतो, कडेचं सिलिकोन पूर्ण खरवडतो, तेलकटपणा धुतो, काच ॲसिडने किंवा घासून खरखरीत करतो, टवके लुकणाने भरतो, सांधणारा थर देतो आणि मगच दोन-तीन हात फवारतो. आमच्याकडे आलेल्या माणसाने ड्रेनची कडी जागेवरच ठेवून भोवती चिकटपट्टी लावली. जुनं सिलिकोन अर्धं तसंच. सिलिकोनवर कुठलाच रंग धरत नाही. तीन तासांत काम आटोपून तो गेला तेव्हा आम्ही त्याच्या वेगाचं कौतुक केलं. चौदा महिन्यांनी ड्रेनभोवती पोपडे सुटले आणि महिन्याभरात हाताएवढा तुकडा उलटला. हमीपत्र काढून वाचलं तर त्यात 'ओलाव्यामुळे झालेलं नुकसान वगळून' असं होतं. टबाच्या बाबतीत!

तेव्हा आधीच विचारा: कड्या काढणार का? सिलिकोन पूर्ण काढणार का? हमीत काय बसत नाही? न्यू जर्सीत पाचशे डॉलरच्या वरच्या घरकामाचा करार लेखी असावा लागतो आणि कंत्राटदाराची राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स विभागाकडे नोंद लागते; दोन्ही मागायला संकोच करू नका. आणि सर्वात महत्त्वाचा प्रश्न: आधीचा लेप असेल तर तो कशाने उतरवणार?

हा प्रश्न तुमच्या टबापेक्षा त्या माणसाच्या जिवाचा आहे. जुना लेप उतरवायला वर्षानुवर्षं मिथिलीन क्लोराइड वापरत आले. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती टबातच साचते, आणि काम करणारा डोकं खाली घालून नेमका टबात वाकलेला असतो, खिडकी नसलेल्या खोलीत. २००० सालापासून अशा कामात किमान १४ कामगार दगावल्याचा इशारा ओशा आणि नायॉश या सरकारी संस्थांनी २०१३ मध्ये दिला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०१९ मध्ये रंग उतरवण्यासाठी ते सामान्य ग्राहकांना विकण्यावर बंदी घातली आणि २०२४ मध्ये बहुतेक व्यावसायिक वापरांवरही. तरीही कुणी बिनलेबलाचा डबा घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. स्वतः हे काम करायला यूट्यूब बघून उतरू नका. युरेथेनमधले आयसोसायनेट दम्याला निमंत्रण देतात. फवारणी चालू असताना आणि नंतर रात्रभर मुलं, गरोदर बाई, दमेकरी यांनी घरात थांबू नये. पंख्याचा पाइप खिडकीबाहेर सोडलेला आहे ना, तेही बघा.

माझं मत असं झालं आहे की पहिला लेप बिडाच्या टबावर जरूर द्यावा. दुसऱ्यांदा देण्याची वेळ आली तर बहुतेकदा टबच बदलावा. जुना लेप उतरवण्यातली कटकट आणि धोका पाहता ती बचत बचत उरत नाही.

लेप दिलेल्या टबाचं आपल्या घरात जरा वेगळंच असतं. अमेरिकन माणूस टबात उभा राहून शॉवर घेतो. आपण टबात स्टीलची बादली आणतो, प्लॅस्टिकचं स्टूल ठेवतो, त्यात पडदे आणि गोधड्या भिजवतो, आणि नरक चतुर्दशीला अंगभर तेल लावून, उटणं चोळून आत उतरतो. बादली एकदा आदळली की लेपाचा टवका गेला, आणि टवक्यातून पाणी शिरलं की पोपडा. स्टुलाच्या पायांना जाड रबर बसवा, बादली प्लॅस्टिकचीच ठेवा. पाय घसरू नये म्हणून आणलेली, चोषकांनी चिकटणारी मॅट लेपावर कधीच टाकू नका; ती उचलताना लेप घेऊन वर येते. घसरू नये असा खरखरीत पट्टा लेपातच करून मागता येतो, तो मागा. उटण्याची हळद उरली तर त्याच दिवशी साध्या साबणाने धुवा. घासायची पावडर लेपावर चालत नाही.

मध्ये एक तिसरा पर्याय पुढे येतो: जुन्या टबावर ॲक्रिलिकचं कवच बसवून देण्याचा. दिसायला छान. ड्रेनपाशी जरा फट राहिली की पाणी कवच आणि टब यांच्यामध्ये जाऊन बसतं, चालताना पचपच आवाज येतो आणि वासाचं कारण सापडत नाही. मला तो पटत नाही.

बदलायचाच ठरला तर

त्या पाच हजार आठशेमध्ये नव्या टबाची किंमत थोडी असते. बाकीचे पैसे उचकटण्याचे आणि परत बसवण्याचे. टबाची कड टाइल्सच्या मागे गेलेली असते, म्हणून खालच्या एक-दोन ओळी फोडाव्याच लागतात, आणि १९५७ सालची गुलाबी टाइल जोडीला मिळत नाही. मग सगळी भिंत. बिडाचा टब अख्खा जिन्यावरून उतरवायचा तर चार माणसं लागतात, त्यामुळे तो बहुतेक वेळा घणाने जागीच फोडतात. आमच्याकडे ते चाललं तेव्हा आवाज शेजारच्या गल्लीत गेला. तुकडे गोळीसारखे उडतात, डोळे-कान झाकल्याशिवाय त्या खोलीत जाऊ नका. कॉन्डोत राहत असाल तर असोसिएशनची परवानगी आणि पाणी बंद करायची वेळ आधी ठरवा. घर १९७८ च्या आधीचं असेल तर शिशाच्या रंगासाठीचं ईपीएचं प्रमाणपत्र असलेला कंत्राटदार घ्या, आणि जमिनीवर जुन्या नऊ इंची फरशा असतील तर फोडण्याआधी ॲस्बेस्टॉसची तपासणी.

पण भिंत उघडते, हा या खर्चातला खरा लाभ. साठ वर्षांचे गंजके पाइप दिसतात. जुना मिक्सर काढून दाब सांभाळणारा नवा बसवता येतो, म्हणजे खाली कुणी फ्लश केलं तर शॉवरमधून एकदम कढत पाणी येत नाही. ही कामं तशीही चार-पाच वर्षांत करावी लागणार असतील तर आज लेपावर घातलेले साडेसहाशे तेव्हा फुकट जातात. हा हिशेब कुणी कोटेशनमध्ये लिहून देत नाही, तो आपणच करायचा. आमच्या टबाखालची फळी काळीठिक्कर होती, हाताने उकलली. सुताराचे पैसे वेगळे लागले.

आई-बाबा येतात तेव्हा

टबाची कड साधारण चौदा-पंधरा इंच उंच असते. तुम्हाला ती दिसतही नाही. गुडघा दुखणाऱ्या, आयुष्यभर मोरीत पाटावर बसून आंघोळ केलेल्या पंच्याहत्तरीच्या माणसाला ती भिंत वाटते. बाबा पहिल्या वर्षी आले तेव्हा ते शॉवरचा पडदा धरून आत जायचे. पडद्याचा दांडा नुसता दाबून बसवलेला होता. ते कधी काही बोलले नाहीत. आंघोळ एक दिवसाआड करायला लागले तेव्हा आईने सांगितलं.

तुमच्याकडे वडीलधारी दर वर्षी सहा-सहा महिने येत असतील, तर लेप की नवा टब हा प्रश्नच चुकीचा आहे. तिथे टब काढून दोन-तीन इंची उंबऱ्याचा शॉवर करा. दोन बाथरूम असतील तर एकीत टब ठेवा. तान्ह्या बाळासाठी लागतो आणि घर विकताना निदान एक टब असावा असं इथले एजंट सांगतात. एकच बाथरूम असेल, बजेट नसेल, तर टबावर आडवं बसवायचं बाक मिळतं, ज्याचे दोन पाय बाहेर आणि दोन आत असतात. त्यावर बसून सरकत आत जायचं. भिंतीला धरायची दांडी लावा, पण ती भिंतीतल्या उभ्या लाकडात स्क्रूने घट्ट केलेली हवी. चोषकाने चिकटणारी दांडी ऐन वेळी हातात येते.

आम्ही शेवटी गुलाबी टब काढून तिथे शॉवर केला आणि दुसऱ्या बाथरूममधला पांढरा बिडाचा टब नुसता घासून ठेवला. त्याला लेपही दिला नाही, गरज नव्हती. शॉवरमध्ये आता पाट मावतो.

एक शेवटचं, वेळापत्रकाचं. लेप द्यायचा असेल तर जानेवारीत देऊ नका. खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात आणि थंडीत तो नीट वाळतही नाही. एप्रिल किंवा सप्टेंबर बरा. वाळायला एक ते तीन दिवस, कारागीर सांगेल तेवढे पूर्ण द्यायचे, आणि त्याआधी गळका नळ दुरुस्त केलेला हवा. टब बदलायचा असेल तर दोन आठवडे धरा आणि वर एक आठवडा कुजलेल्या फळीचा. पाहुण्यांची तिकिटं काढण्याआधी कंत्राटदाराची तारीख लेखी घ्या. आमच्या बाबांनी पहिले नऊ दिवस शेजारच्या कुलकर्ण्यांकडे जाऊन आंघोळ केली.